गावाबाहेरचा मारुती

लुंबिनी सोनकांबळे हिच्याशी वाद घालायचा तर जेवून बसावं, असं नांदेडच्या तिच्या कचेरीत सगळे म्हणतात. शाळेत असताना मास्तरांनी हजेरीत तिचं नाव 'लुंबाबाई' लिहिलं, तर ही पोरगी हजेरीला ओच देईना. "लुंबाबाई आली न्हाई, सर," एवढंच रोज पहिल्या बाकावरून सांगायची. शेवटी मास्तरच कंटाळले आणि नाव सुधारलं.

अशी बाई नेमकी नकाशावर नावं लिहायच्या कंत्राटी नोकरीत लागली. पूर्वी हा रस्त्या-वस्त्यांचा नकाशा पेन ड्राइव्हमध्ये बसून जीपनं लातूरला जायचा आणि तिथून सुधारून येईपर्यंत इकडं नवा पूल बांधून पडलेलाही असायचा. आता सगळी माहिती एका सर्व्हरवर असते. नांदेडवाले, लातूरवाले आपापल्या संगणकावर तीच उघडतात. नुसतं चित्र नव्हे हं. एकेक विहीर, एकेक रस्ता, एकेक वस्ती सुटी उचलायची, नाव बदलायचं आणि जतन करायचं. एकानं बदललं की सगळ्यांकडं बदलतं. एकाच पातेल्यातली आमटी म्हणा ना. फक्त मीठ कोणी टाकलं, ते हे पातेलं लिहून ठेवतं.

कंधार तालुका करता करता लुंबिनी एकदा आपल्याच गावावर, हळदवाडीवर आली. तिच्या वस्तीच्या तोंडाशी कमान आहे, कमानीवर 'पंचशीलनगर' लिहिलंय. नकाशावर मात्र त्याच जागी होतं 'गावाबाहेरची वस्ती'. आणि फाट्यावर लागणाऱ्या नव्या पाट्या याच नकाशावरून रंगणार होत्या! म्हणजे एसटीतून उतरणाऱ्या पाव्हण्याला वस्तीचं नाव कळायच्या आधी तिची जागा कळणार.

तिनं नाव बदललं. सकाळी येऊन बघते तर पुन्हा 'गावाबाहेरची'. पुन्हा बदललं, पुन्हा तेच. पातेल्यात बघितलं, तर मीठ लातूरचं होतं. तिथं नकाशाची तपासणी करणारे शेषेराव. तिनं फोन लावला.

"शेषेरावकाका, आमच्या वस्तीचं नाव का पुसून राहिले?"

"मी न्हाई पुसत, ताई. नियम पुसतो. रात्री आपोआप चालतो. गावठाणाच्या रेषेबाहेर जे पडंल, त्याला 'गावाबाहेरची' लागतं."

"सगळ्यांना?"

"सध्या वस्त्यांना. बाकीच्यांना लावायचं राहिलंय. कामं लई हायेत."

"राहिलंय होय? मग मी लावते की. तेवढाच तुमचा भार हलका."

शेषेराव भला माणूस. "लई उपकार होतील," म्हणाले.

गावठाणाची रेष जुनी आणि गाव तर कधीच पसरलेलं. लुंबिनीनं रेषेबाहेर काय काय पडतंय ते बघितलं आणि गालात हसली. मारुतीचं देऊळ बाहेर. शाळा बाहेर. सरपंच भगवानरावांचा नवा दुमजली बंगला तर पार बाहेर. या कारभारात कुलपाचीही सोय आहे: ज्यानं लावलं त्यानंच बदलायचं, बाकीच्यांनी संध्याकाळपर्यंत नुसतं बघायचं. तिनं अख्ख्या हळदवाडीला कुलूप घातलं, आपल्या वस्तीचं नाव नीट लिहिलं आणि मग निवांत टंकलं: 'गावाबाहेरचा मारुती'. 'गावाबाहेरची शाळा'. 'गावाबाहेरचा सरपंच बंगला'. जतन.

ग्रामपंचायतीच्या संगणकावरही तोच नकाशा दिसतो. चहा निवायच्या आत भगवानरावांचा फोन नांदेडला, लुंबिनीच्या वरच्या साहेबांना, व्यंकटरावांना. व्यंकटराव तिच्या टेबलाशी धावत आले.

"अगं, देवाला गावाबाहेर काढलंस?"

"मी न्हाई, सर. नियमानं काढलं. मी नुसता हात लावला."

"आधी कुलूप काढ."

"आमचं नाव कायम राहील म्हणा, काढते."

"कुलूप संध्याकाळी निघतंच."

"हाव. सकाळी मी पुन्हा येते."

साहेबांनी आवाज खाली आणला. "तुझं कंत्राट मार्चमध्ये संपतंय. ध्यानात आहे ना?"

"हाय की, सर. पाटी मात्र मार्चनंतरही फाट्यावरच राहणार."

 व्यंकटरावांनी लातूरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. शेषेराव नियमाचं सांगू लागले तशी लुंबिनी मधेच म्हणाली, "काका, तुमचं गाव कोणतं?"

"किल्लारी."

"मग तुम्हीबी गावाबाहेरचे. भूकंपाच्या आधीचं गावठाण तिकडं, तुमचं घर इकडं."

"असं कसं, ताई!" शेषेराव उसळले. "आमचं अख्खं गाव उठून नव्या जागी आलं. माणसं जिथं, गाव तिथं!"

"आमचे आजोबाबी उठले, काका. छप्पन साली, धम्माची दीक्षा घेऊन. घर जागचं हललं न्हाई, माणूस उठला. वस्तीचं नाव तवापासूनचं हाय."

 पलीकडून कीबोर्डची टकटक.

"साहेब, नियम बंद करून राहिलो. तुम्ही फक्त हो म्हणा."

व्यंकटरावांनी लुंबिनीकडं बघितलं. ती हाताची घडी घालून बसली होती. "हो," ते म्हणाले आणि आपल्या खुर्चीकडं गेले.

लुंबिनीनं आधी मारुतीला गावात घेतलं. त्याचं आणि तिचं काही भांडण नव्हतं. मग शाळा. बंगल्यापाशी ती थांबली, तोच तिचा फोन वाजला.

"लुंबिनी, मी सरपंच. देऊळ आलं, शाळा आली. आमचा बंगला कुठंय?"

"कोणता बंगला, सरपंचसाहेब? खूण सांगा."

"अगं नवा! तुमच्या त्या बाहेरच्या..." भगवानराव अडखळले.

"कुणाच्या?"

"पंचशीलनगरच्या पलीकडचा," ते पुटपुटले.

"आवाज तुटून राहिलाय, साहेब. मोठ्यानं बोला."

"पंचशीलनगर!" भगवानराव असे ओरडले की ग्रामपंचायतीतला शिपाईसुद्धा दचकून बाहेर आला असेल. "पंचशीलनगरच्या पलीकडचा बंगला!"

"हां, सापडला," लुंबिनी म्हणाली आणि सरपंचांना गावात घेतलं.