जल्लादाची अंगठी

आमच्या मांजर्लीच्या घरात टीव्ही कपाटाच्या डोक्यावर असे. नदीचं पाणी एकदा दिवाणापर्यंत येऊन गेलं, तेव्हापासून आईने महागाची प्रत्येक वस्तू वर चढवली होती. त्यामुळे रविवारी मटण हाणून आम्ही तीन बाप्ये माना वर करून, कळसाचं दर्शन घ्यावं तसे राक्षस बघत बसायचो.

तिघं म्हणजे मी, शिरगावचा माझा मित्र आणि अंबरनाथचे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान. उल्हासनगरच्या एका दुकानातून हिंदीत डब केलेल्या परदेशी सिनेमाच्या सीड्या आणल्या होत्या. तलवारी, चेटकिणी, उडणारे साप. दोन भाग निघाले आणि सिनेमा संपला, आमचं मात्र संपेना. यातल्या कुणाच्या मागच्या कहाणीवर वेगळा पिक्चर निघेल, यावर दर रविवारी भांडण. माझे तेव्हा केस गळायला लागले होते, एवढं सांगितलं की वयाचा अंदाज येईल.

मित्राचा उमेदवार होती जीभ छाटलेली चेटकीण. ती जीभ कोणत्या सुरीने आणि कशी छाटली, हे तो नळी चोखता चोखता सांगायचा. माझा उमेदवार किल्ल्यावरचा घंटावाला. शत्रू दिसला की घंटा बडवायची आणि पळत सुटायचं, एवढंच त्याचं काम. मला तो फार जवळचा वाटे. भाऊजी म्हणत, तुझ्या पिक्चरला इंटरव्हलसुद्धा लागायचा नाही.

भाऊजींचा जल्लाद होता. सिनेमात तो येतो, एक मुंडकं उडवतो आणि जातो. पण भाऊजींनी त्याचा पार जन्मापासूनचा इतिहास रचला होता. पहिलं मुंडकं त्याने सख्ख्या काकाचं उडवलं, ते पायऱ्यांवरून घरंगळत आईच्या पायाशी आलं, डोळे उघडेच. सांगताना भाऊजी तळहाताची धार ताटातल्या हाडावर अशी आणत की आम्ही दचकायचो. सांगायचे झकास, खोटं कशाला बोलू.

आमचा नियम एकच. सीडीत दिसतंय त्याच्या विरुद्ध जायचं नाही. शंका आली की मित्र रिमोट उचलायचा आणि तो सीन लावून निकाल द्यायचा.

त्या रविवारी ताई ताटं उचलायला आली ती दाराशी टेकली. म्हणाली, मी पण एक सांगते. भाऊजी हसून म्हणाले, सांग की, बायकांचाही एक पिक्चर होऊन जाऊ दे.

"जल्लादाच्या बायकोचा काढा," ताई म्हणाली.

मग भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात तिने सांगितलं. जल्लाद गावात सगळ्यांचा लाडका असतो, चौकात लोकांना हसवतो. घरी आला की आधी हातपाय धुतो. मग बोटातली अंगठी काढून दिव्याच्या फळीवर ठेवतो. अंगठी फळीवर गेली की बायको उठून खिडक्या लावते, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. अंगठी काढायची कारण तिने कातडी फाटते, आणि फाटलेलं दिसतं. तोंडावर तो मारत नाही. केस मुठीला गुंडाळतो आणि पाठीत, पोटात. एकदा डोकं उंबऱ्यावर आपटलं, तेव्हापासून बायकोला एका कानाने ऐकू येत नाही. नंतर तो पोटभर जेवतो, मीठ कमी असलं तर मागून घेतो. जेवण झालं की अंगठी घालतो. मग तिला कळतं, आजचं झालं.

आता आमची हुशारी ऐका. मी सर्वांत आधी हरकत घेतली की दोन्ही भागांत जल्लादाला बायको दाखवलेलीच नाही. मित्राने सीडी मागे घेतली, कुऱ्हाडीवरच्या मुठीशी चित्र थांबवलं आणि आम्ही उभं राहून, टाचा उंचावून त्याची बोटं तपासली. अंगठी नव्हती.

"बाद," मित्र म्हणाला. मी तर वर सुचवलं की ताई, अंगठीऐवजी कडं कर, कडं चालेल. भाऊजी उजवा हात मांडीखाली घालून टीव्हीकडे बघत होते.

ताई ताटं गोळा करायला लागली. चहा झाला की तिला अंबरनाथला परत जायचं होतं.

आई बत्ता हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, मसाला कुटताना उठून आलेली. आईने तो सिनेमा कधी धड बघितला नव्हता. कोण जल्लाद, कोण चेटकीण, तिला पत्ता नव्हता. त्यामुळे तिला फक्त ताई काय बोलली तेवढं ऐकू आलं होतं.

"कुठल्या कानाने ऐकू येत नाही गं तुला?"

"डाव्या," ताई म्हणाली.

मी जेवताना ताईच्या डावीकडे बसलो होतो. दोनदा पाणी मागितलं होतं, आणि ही बहिरी झाली म्हणून हसलोही होतो.

भाऊजी उठले. इथून पुढे त्याला अहो-जाहो करत नाही. त्याने ताईची वेणी धरली आणि घरी चल म्हणाला. इतक्या लढाया बघून मी काय केलं असेल? ओरडलो. घंटाच ती. मग ठोसा मारला, तो त्याच्या खांद्यावर बसला आणि माझंच मनगट मुरगळलं. त्याने ताईला सोडून मला धरलं, कपाटावर आदळलं, आणि भुवईवर असा गुद्दा घातला की एका डोळ्यात नुसतं लाल. कपाट हललं आणि पुराने नेला नाही तो टीव्ही फरशीवर येऊन फुटला. काचांवर पडलेल्या माझ्या पोटात तो लाथा घालत होता. मधेच टेकू घ्यायला त्याने दाराच्या चौकटीवर पंजा ठेवला. आईने त्या पंजावर बत्ता घातला. तसा आवाज सिनेमात काढत नाहीत. मग तो खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मित्राने त्याला बखोटीला धरून बाहेर काढलं आणि आतून कडी लावली. बराच वेळ दारावर लाथा बसत होत्या. आई दाराकडे तोंड करून बसली, बत्ता मांडीवर.

ताई त्या दिवशी अंबरनाथला गेली नाही. पुन्हा कधीच गेली नाही.

दवाखान्यात डॉक्टर टाके घालायला वाकले आणि जरा थबकले. जखम गोल होती, कडेला नक्षी उठलेली. त्यांनी विचारलं, हे कशाने लागलं? मी बाथरूममध्ये पाय घसरल्याचं सांगणार होतो. आमच्यात तेच सांगायची पद्धत आहे.

"अंगठीने," ताई म्हणाली. "आज काढायची राहिली."