नकाशावरचा दोरा

वरण सांडलं तरी नकाशा भिजत नाही, कारण तो जेवणाच्या टेबलावरच्या काचेखाली आहे. स्पितीत सायकलने जायचं म्हणून ह्यांनी माझ्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेतला आणि डोंगरातल्या रस्त्यावर वळणावळणाने मांडत नेला. शेवटी तो सरळ करून अंतर मोजायचं, असा बेत. दोरा कुंझुम खिंडीपर्यंत आला, तेवढ्यात मी पानं वाढली, तेव्हा तो हलू नये म्हणून ह्यांनी वर काच ठेवली. त्याच आठवड्यात हे गेले.

मी अजून तिथेच जेवते. रडू येत नाही. ताट नदीवर ठेवते, तांब्या बर्फावर. माणूस गेला तरी बेत आपला पडून राहतो, कोणाची वाटही न बघता. बाल्कनीतल्या दोन्ही सायकलींत मी रविवारी हवा भरते. का, ते मलाही सांगता येणार नाही.

आज मुलगी म्हणाली, "आई, काचेखाली मुंग्या झाल्यात. पुसून घेऊ?"

"घे."

तिने एका कडेने काच उचलली. दोऱ्याचं टोक हललं.

"आधी पंखा बंद कर," मी ओरडले. इतक्या मोठ्याने मी बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते.