चुन्याच्या दोन रेषा

संगमनेर सोडलं तेव्हा निम्मी गल्ली मला निरोप द्यायला, खरं म्हणजे हसायला, दारात उभी होती. छत्तीस वर्षांचा शाळामास्तर खाकी विजार चढवून लष्करी फटफटीवर बसतो आणि डोंगरातल्या शर्यतीला निघतो, असला तमाशा फुकटात कोण सोडणार? माझ्या पत्नीने, कमलने, चाकापुढे नारळ फोडला, दिव्याला कुंकू लावलं आणि हळूच म्हणाली, "अहो, हातपाय मोजून नेताय, तसेच मोजून परत आणा."

माझ्या सदऱ्याच्या खिशात नोकरीचा राजीनामा होता. तो कमलनेच लिहून दिला होता, कारण मी लिहायला बसलो की पहिल्या ओळीपुढे जातच नव्हतो. तारखेची जागा तेवढी तिने कोरी सोडली होती.

नगरला चांदबिबीच्या महालाखालच्या माळावर मोटारसायकलींची शर्यत होती. सडकेवरची नव्हे, ओढे, धोंडे आणि चढउतार यांतून जाणारी. पहिल्या तिघांना पुण्याचे एक व्यापारी पगारावर ठेवणार होते. वर्षभर त्यांच्या गाड्या घेऊन गावोगावच्या शर्यतींत उतरायचं, एवढंच काम. फटफटी पळवण्याचा पगार मिळतो हे ऐकल्यापासून माझं शाळेत चित्त नव्हतं.

मी या वाटेला लागलो तेच मुळी उशिरा. दुसरी मोठी लढाई संपली, लष्कराने जुना माल लिलावात काढला आणि आमच्या गल्लीतल्या दगडूमिस्त्रीने एक मोडकी गाडी आणली. ती दुरुस्त झाल्यावर गंमत म्हणून मी म्हाळुंगीच्या कोरड्या वाळूतून अर्धा मैल नेली. तेव्हा मला चौतिसावं चालू होतं. पलीकडच्या काठाला लागलो आणि वाटलं, आजवर जगलो ती नुसती हजेरी लावली. मग दोन वर्षं रोज शाळा सुटली की मी नदीत. पेट्रोलच्या कुपनांसाठी कुणाकुणाच्या दाढ्या धरल्या ते सांगत बसत नाही.

कोल्हारला प्रवरेच्या काठी गाडी बंद पडली. पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला होता. झाडाखाली नळी फुंकत बसलो, तर शेजारी पाटी घेऊन बसलेली पेरूवाली म्हातारी निरखून बघायला लागली.

"कुठं निगालं म्हनायचं?"

"नगरला, शर्यतीला."

"आन् बैलं कुठंयत?"

"बैल नाहीत आजी, ही फटफटीच पळवायची."

तिने बंद पडलेल्या गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पळंल का पर ती?" म्हणाली. मी दोन पेरू खाल्ले आणि घरी मुलगी आहे, तिच्यासाठी येताना नेतो म्हणालो. "नंबर आला तर चार देते," असं तिने वर सांगितलं.

नळी मोकळी झाली. पुढे देवळाली प्रवरेजवळ उसाचं रान लागलं आणि काकवीचा (उसाच्या उकळून दाट झालेल्या रसाचा) वास आल्यावर गाडी आपोआप गुऱ्हाळाकडे वळली. काहिलीपाशी धिप्पाड गुळव्या (गूळ शिजवणारा कारागीर) उभा होता. केस पिकलेले, दंड मात्र अजून भरदार. त्याने उसाच्या पानावर गरम गूळ दिला. मी भाकरीचं फडकं सोडलं आणि बोलता बोलता त्याला सगळं सांगितलं, राजीनाम्यासकट.

"मला पैलवान व्हायचं हुतं," तो म्हणाला. "घरच्या कामातनं सुटून तालमीत गेलो तवा पंचविशी उलटली हुती. वस्ताद म्हनला, आता हाडं पिकली, जा घरी."

"मग?"

"मंग काय? गूळ शिजवतो. पर अजून कुठं हलगी वाजली की हात मांडीवर जातो बगा."

त्याने खरोखरच मांडीवर थाप मारली. मग थोडा लाजला आणि काहिलीतली मळी काढायला लागला. मला पुढचा सगळा रस्ता ती थाप ऐकू येत होती. राहुरी गेली, विळदचा उतार गेला, आणि सांज व्हायच्या आत नगर आलं. एका शिक्षकमित्राकडे मुक्काम केला.

सकाळी माळावर अठरा गाड्या जमल्या होत्या. बहुतेक जण फौजेतून सुटून आलेले, विशी-बाविशीचे. पुण्याच्या व्यापाऱ्यांनी मला वय विचारलं. सांगितल्यावर म्हणाले, "या वयात लोक सोडतात, मास्तर."

"म्हणून तर घाई आहे," मी म्हणालो. ते हसले, पण वहीत माझं नाव लिहून घेतलं.

पंच म्हणून एक निवृत्त सुभेदार होते. सहा मैलांचा एकच फेरा, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या रेषा. "चाक रेषेबाहेर गेलं की गडी बाद," त्यांनी बजावलं. "कारण विचारणार नाही."

निशाण पडलं, मी उजवी मूठ पिळली. पहिल्या चढाला मी दहावा होतो, धोंड्यांत सातवा. मग ओढा आला, वाळूचा. पोरं तिथे रुतली, घसरली, शिव्या घालू लागली. मला ती वाळू म्हाळुंगीचीच वाटली. ओढ्यातून वर आलो तेव्हा पुढे फक्त दोघे होते. मी तिसरा होतो! एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता, हे कमलने वाचलं तरी हरकत नाही.

शेवटच्या मैलात, बरोबर दोन रेषांच्या मध्ये, खळं होतं.

रेषा मारून दहा-बारा दिवस झाले होते आणि नंतर वाट तपासायला कुणी फिरकलं नव्हतं. तेवढ्या दिवसांत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आपल्याच रानात शेणाने सारवून खळं केलं होतं. ज्वारीची मळणी उरकली होती, रास (उफणलेल्या धान्याचा ढीग) लागली होती आणि म्हातारा माप घालत होता. पुढचे दोघे खळ्यावरून गेले होते. राशीची एक कड चाकाने पसरली होती. माप चालू असताना बोलायचं नसतं, म्हणून म्हातारा ओरडलाही नव्हता. एका हाताने त्याचं माप चालूच होतं, दुसरा हात मात्र त्याने माझ्याकडे करून वर धरला होता.

राशीच्या कडेने जायला हातभर जागा होती. पण ती खळ्याचीच, आणि माझ्या पायात लष्करी बूट. मी पाथर्डीकडच्या कोरडवाहू घरातला. आमच्या खळ्यावर माझ्या वडिलांनी पाटलालाही पायताण (वहाणा) बाहेर काढायला लावलं होतं. माझा पाय ब्रेकवर गेला. विचार करायला सवड मिळाली असती तर मी खळ्यावरून गेलो असतो, हे खरं तेच लिहितो. गाडी वळली, रेषेबाहेर गेली, बाभळीखालून फिरून पुन्हा रेषेत आली. रेषेवर नजर ठेवायला सुभेदारांनी उभ्या केलेल्या जवानाने माझ्यासमोर लाल निशाण धरलं.

मागचे अजून बरेच लांब होते, तेवढ्यात सुभेदार घोड्यावरून आले. खळं पाहिलं, कपाळाला हात लावला आणि मागच्या सगळ्या गाड्या बाहेरून, बाभळीखालून, काढायला लावल्या. माझ्याच चाकोरीतून. माझ्यामागचा चौथा गडी तिसरा आला.

"मग मी कसा बाद?" मी विचारलं. आवाज चढला होता.

"त्यांना पंचाने वळवलं, मास्तर. तुम्ही आपण होऊन वळलात."

मी गाडी बाभळीला टेकवली.

बूट काढले आणि खळ्यावर जाऊन पसरलेली ज्वारी हाताने गोळा करू लागलो. दुसरं काय करावं ते कळत नव्हतं. माप संपल्यावर म्हातारा बोलला, "तुमी कुनीकडचं म्हनायचं?"

"पाथर्डीकडचा."

"तरीच." त्याने ओंजळभर ज्वारी उचलली. "घ्या. राशीवरनं मोकळ्या हातानं कुनी जात न्हाई."

माझ्याकडे पिशवी नव्हती. त्याने ज्वारी सरळ माझ्या खिशात ओतली, राजीनाम्यावर. मला त्या ज्वारीचा फार राग आला होता, पण खिसा मी बटण लावून बंद केला.

परतताना गुऱ्हाळाशी थांबलो नाही. धीर झाला नाही. कोल्हारला म्हातारी तिथेच होती. "आला का नंबर?"

"आला होता, आजी. मैलभर."

तिने चार पेरू मोजून दिले.

घरी कमलने आधी माझे हातपाय पाहिले, मग खिसा सुपात रिकामा केला. ज्वारीबरोबर कागद पडला. सगळं ऐकून ती म्हणाली, "थांबलात ते बरंच केलंत." आणि कागद सुपातून उचलून, "फाडू का हा?"

"नको," मी म्हणालो.

कागद ट्रंकेत आहे, तारीख अजून कोरी. पुण्याच्या व्यापाऱ्यांचं पत्र आलेलं नाही आणि येणारही नाही, कारण तीन गडी त्यांना मिळाले. मी शाळेत जातो, पाढे घेतो. पण खिडकीबाहेर पुण्याच्या सडकेवर एखादी फटफटी वाजली की पाढा मध्येच तुटतो. मुलं फळ्याकडून माझ्याकडे बघायला लागतात, आणि मग माझ्या लक्षात येतं की खडू धरलेलं माझं उजवं मनगट आपोआप वळलेलं आहे.