नव्या वर्षाचं भरीत

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला की मला देवपुरातल्या आमच्या चर्चचं मागचं अंगण आठवतं. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. त्या पावसाळ्यात माझं तान्हं बाळ गेलं होतं आणि तेव्हापासून माझ्या तोंडून प्रार्थनेचा शब्द फुटला नव्हता. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी उपासनेत गुडघे टेकायचे, पुन्हा सुरुवात करायची, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. पण उपासनेनंतर मंडळीचं प्रीतिभोजन होतं आणि भरतासाठी नेमकी मीच सापडले. म्हाताऱ्या अक्का म्हणाल्या, “बठ्ठा भुक्या येतीन. तू आठेच बस.” सगळे भुकेले येणार म्हणून तिथेच बसले. आत गाणी झाली, पाळकांचा संदेश सुरू झाला, आणि मी बाहेर धुरात डोळे चोळत वांगी उलटतेय. त्यात कुणीतरी धूर आत येतो म्हणून धाडकन खिडकी लावून घेतली. मग मात्र माझं डोकंच फिरलं. सोललेलं गरम वांगं मी ठेचायच्या लाकडी बडगीत आपटलं आणि ओरडले, “देवा, मला कुणी आत येऊ देत नाही, निदान तू तरी बाहेर ये ना!” मिरच्या भाजणाऱ्या अक्कांचा हात थांबला. वाटलं, आता रागावतील. त्यांनी नुसता डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाल्या, “आमेन.” आता वयामुळे मला पहिल्या बाकावर मानाने बसवतात. मी हात जोडून सगळं शांतपणे म्हणते. पण देवाशी तसं बोलणं काही पुन्हा जमलेलं नाही.