द्वारकाबाईच्या शिव्या अन् हर्षदीप सरचा स्मार्ट बोर्ड

हर्षदीप सर आदिलाबादले ट्रेनिंगले गेला तेव्हा माणूस होता, आला तो पुस्तक होऊन. सकाळी 'जयभीम सर' म्हणून झालं की लगेच सुरू. "सर, बक्षीस भेटलं की पोरायचं वागणं पक्कं होते, शिक्षा भेटली की सुटते. असा सिद्धांत आहे." मी तेलंगणातल्या या मराठी शाळेचा हेडमास्तर, यशवंतराव. सारी नोकरी खडूवर काढली. मी म्हटलं, "बाप्पा, हे तं बैलालेही माहीत आहे. हजेरी घे."

पण पोरगा जिद्दीचा. त्याच्या मायनं, द्वारकाबाईनं, दुसऱ्याच्या वावरात निंदण करून त्याले मास्तर केलं. त्यानं शिक्षण खात्याच्या दफ्तरात चकरा मारून मारून आमच्या शाळेले स्मार्ट बोर्ड आणला. बोट लावलं की चित्र हालते, गणित बोलते. गावातली जी पोरं व्हॅननं बोथ गावच्या इंग्रजी शाळेत जात होती, त्यातली काही बोर्डासाठी परत आली. मले मनातून लई बरं वाटलं, पण मी त्याले सांगितलं नाही.

बोर्डासोबत एक अट आली होती. पोरं त्यावर शिकून राह्यली हे साहेब येऊन पाहतील, नाही तं बोर्ड बोथच्या मोठ्या शाळेत जाईल. बोर्ड गेला की परत आलेली पोरंही जातील, अन् मंग या मराठी शाळेले कुलूप. हर्षदीपची झोप उडाली. खरं सांगतो, माझीही.

मंग त्यानं सिद्धांत कामी लावला. उत्तर बरोबर आलं की बोर्डातली बाई गोड आवाजात 'एक्सलंट' म्हणे अन् टाळ्या वाजत. चुकलं तं काय वाजवावं? तो मोबाईल घेऊन मायसमोर बसला. "आई, पोरगं चुकलं असं समज, अन् रागव." द्वारकाबाई गावात कशासाठी प्रसिद्ध आहे हे त्याच्यापेक्षा जास्त कोणाले माहीत असणार! तिनं एकदा तोंड उघडलं तं मोबाईल गरम झाला. 'मेल्या, डोस्कं वावरात ठेवून आला का?' 'भाकर खाते का भुसा?' 'तुह्या अकलेले मुंग्या लागल्या का?' त्यानं सारं बोर्डात भरलं. दर चुकीले नवी शिवी.

तेव्हापासून वर्गाचं वाटोळं झालं. पोरं सारखी चुकू लागली. हर्षदीपनं गणितं सोपी केली, तं अजून चुकू लागली. मी माझ्या फळ्यावर तेच गणित घालावं, तं पटकन बरोबर. मी म्हटलं, "हर्षदीप, माझ्यापाशी येते त्यायले." त्याले वाटलं, म्हातारा टोमणा मारून राह्यला. फुगून बसला लेकाचा.

साहेब आले. तेलुगू माणूस, आमच्याशी हिंदीत बोलत. द्वारकाबाईही नवं लुगडं नेसून व्हरांड्यात येऊन बसली. पोरगा काय करते ते पाहायले. पहिलं पोरगं उठलं, बोट लावलं, चूक. बोर्डातून द्वारकाबाई गरजली. दुसरं उठलं, चूक. तिसरं, चूक. वर्ग खुदुखुदु हासून राह्यला, अन् साहेबाच्या कपाळावर आठ्या. "मास्टरजी, यही पढ़ाया आपने? बोर्ड पैक कीजिए." हर्षदीपचा चेहरा असा पांढरा पडला की मलेच पाह्यवलं नाही.

तेवढ्यात प्रगती नावाची पोरगी बोर्डाकडे निघाली. तिच्या मैत्रिणीनं कानात सांगितलं, पण पोरायचं कानात सांगणं साऱ्या वर्गाले ऐकू येते. "छप्पन्न आहे, पण चोपन्न दाब. मुंग्यावाली येऊ दे."

हर्षदीप जागच्या जागी थांबला. साहेबाले म्हणाला, "सर, एक मिनट." अन् बोर्डात खटाखट काहीतरी केलं. मायचा आवाज त्यानं बरोबर उत्तराले लावला, अन् चुकीले ती गोड बाई.

प्रगतीनं चोपन्न दाबलं. 'एक्सलंट.' टाळ्या. पोरीचं तोंड एवढंसं झालं. तिनं हर्षदीपकडे पाह्यलं, मंग छप्पन्न दाबलं. 'तुह्या अकलेले मुंग्या लागल्या का?' पोरगी टुणकन उडाली. मंग काय विचारता! गुणाकार, भागाकार, नकाशे, पोरं एकमेकायले ढकलून बरोबर उत्तरं दाबून राह्यली. साहेबाले आधी कळेना. मी समजावून सांगितलं तं हासत उठले, अन् स्वतः एक गणित सोडवलं. बरोबर आलं. द्वारकाबाईनं त्यायले 'मेल्या' म्हटलं, अन् ते खुश. जाता जाता मले म्हणाले, "बोर्ड इधरच रहने दो."

मी हर्षदीपले म्हटलं, "लेका, तुह्या सिद्धांतात हे होतं का?" तो म्हणाला, "होतं सर. बक्षीस कोणतं ते पोरगं ठरवते, मास्तर नाही. लिहिलेलं होतं, मीच वाचून सोडून देलं." मंग तो व्हरांड्यात मायजवळ जाऊन बसला. म्हणाला, "आई, मी दहावीत पहिला आलो, मास्तर झालो. तू मले एकदाही शाबास काऊन नाही म्हणाली?"

द्वारकाबाईनं त्याच्याकडे असं पाह्यलं, जसं त्याचं सोपं गणित चुकलं.

"मेल्या, मंग इतकी वर्षं मी दुसरं काय म्हणून राह्यली होती?"