चिमटीभर नेवेढे

विसाजीपंतांना कोणी नाव विचारले की ते आधी आडनाव सांगत. "नेवेढे. नेवे नव्हे, वेढे नव्हे, नेवेढे." समोरच्याने हे कोठले आडनाव म्हटले की ठरलेले उत्तर येई, "पुण्यात आडनावे पोत्याने मिळतात. आमचे चिमटीने मिळते."

श्रीमंतांच्या दफ्तरात मी त्यांच्या शेजारी बसत असे. मी जुने मोडी कागद वाचून दाखवायचे आणि पंतांनी नक्कल उतरवायची, असे आमचे काम. त्यांच्या बैठकीखाली एक यादी असे, नाव काढलेल्या नेवेढ्यांची. पहिले बुधवार पेठेतले वैद्य, म्हणजे पंतांचे आजोबा. दुसरे वाघोलीचे कीर्तनकार, पंतांचे चुलते. पुढे कागद कोरा होता. तिथे स्वतःचे नाव लिहिण्याइतके पंत भोळे नव्हते.

एकदा एक किल्ला लढवल्याचा कागद वाचताना मी पानाच्या शेवटी आलो आणि म्हणालो, "हरबाजी नेवेढे." पंतांचा टाक थांबला. त्यांनी मला पुन्हा वाचायला लावले. मी वाचले. पान उलटणार तेवढ्यात वरून मागणी आली, आणि तो कागद रुमालात बांधून गेला. त्या दिवशी पंतांनी दफ्तरात साखर वाटली, आणि यादीत आजोबांच्याही वर हरबाजींना बसवले. मीही मोठ्या ऐटीत साखर खाल्ली.

पंतांना मूलबाळ नव्हते. त्यांच्या मेहुण्याचा धाकटा विनायक दत्तक यायचा होता, मुहूर्तही निघाला होता. हरबाजी सापडले आणि पंत फिरले. गड राखणाऱ्याचा वंश कोठेतरी असणारच, घ्यायचा तर त्यातलाच घेऊ, म्हणू लागले. पंतांच्या कुटुंबाने, म्हणजे काकूंनी, परोपरीने सांगितले, की दत्तक घेतला की विनायकही नेवेढेच होईल. पंत म्हणाले, "कलम करून आंबा होतो. नेवेढे होत नाही."

विनायक दुसऱ्या घरी दत्तक गेला. त्यानंतर काकू पंतांशी कामापुरत्याच बोलत. पंत गावोगाव पत्रे धाडीत, कोणी नेवेढे असल्यास कळवावे म्हणून. कोणी कळवले नाही. वाट पाहता पाहता काकूही गेल्या.

पुष्कळ वर्षांनी तोच रुमाल माझ्या हाती आला. राहिलेले पान मी उलटले. पहिलाच शब्द होता, 'मोडिले'. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, तोडायचे ते वाचणाऱ्याने. हरबाजीने वेढे मोडिले. कोणी एक हरबाजी, त्याने गडाला पडलेले वेढे मोडले, एवढाच मजकूर. त्याचे आडनाव कागदात कोठेच नव्हते. चुकीच्या जागी श्वास घेऊन मी एका माणसाचे घर बुडवले होते.

हे पंतांना सांगण्याची माझी छाती झाली नाही. पुढे ते अंथरुणाला खिळले, डोळेही गेले. मी भेटीला गेलो तर म्हणाले, हरबाजींचा कागद आठवत असेल तसा म्हणा.

मी म्हणालो, "हरबाजी नेवेढे."

"आणि पुढच्या पानावर?"

मी त्यांचे पांघरूण सारखे करू लागलो.

"मोडिले," पंतच म्हणाले. "अहो, जन्म मोडीत गेला माझा. विनायक दत्तक गेला, त्याच महिन्यात रुमाल मागवून पाहिला मी."

मग इतकी वर्षे पत्रे कशाला धाडलीत, असे मी विचारले.

"हिला काय सांगणार होतो? पोर घालवले आणि हरबाजीही नाही, म्हणून?" मग म्हणाले, "ती गेल्यावर पत्रे कशाला धाडली, ते मात्र विचारू नका."

त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

चौथ्या दिवशी पंत गेले. त्यांना पाणी द्यायला कोणी नव्हते, म्हणून सर्वपित्रीला मुठेकाठी मीच तिळाची ओंजळ घेऊन बसलो. भटजींनी कोणासाठी म्हणून विचारले. तर्पण मी दरसाल करतो, तरी तोंडून निघून गेले, "विसाजीपंत नेवेढे. नेवे नव्हे..."

"आडनाव लागत नाही," भटजी म्हणाले. "गोत्र सांगा."

मी गोत्र सांगितले आणि पाणी सोडले.