भिंतीतली तुर्की कपाटं

शरच्चंद्र देवधर चिंचवडच्या एका कारखान्याच्या बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होता आणि मी त्याच्या शेजारच्या टेबलावर. माणूस हुशार, पण आमचं डोकं खायचा. १९६६ साली त्याने पुण्याच्या रद्दीवाल्याकडून तुर्कस्तानातल्या जुन्या इमारतींचं पुस्तक आणलं. मजकूर जर्मन, एक अक्षर कळत नव्हतं. नकाशे मात्र त्याने पाठ केले. मशिदीत लहान घुमट मोठ्या घुमटाला कसा खांदा देतात, घरात सगळ्या खोल्या एका मधल्या दालनात कशा उघडतात, हे चहाच्या सुट्टीत टेबलावर बोटाने काढून दाखवायचा. आम्ही त्याला पाशा म्हणायचो. त्याला ते आवडायचंही.

त्याचा जीव जडला तो त्या घरांतल्या भिंतीतल्या कपाटांवर. सकाळी गाद्या आत गेल्या की झोपायची खोली बसायची होते, जेवायची होते. कारखाना कामगारांसाठी बांधणार होता त्या दोन खोल्यांच्या घरांना आणखी काय हवं, असं त्याचं म्हणणं. पुढे अंकारात नव्या धर्तीच्या मशिदीचं सुरू झालेलं काम सोडून जुन्या वळणाची मशीद बांधताहेत, असं त्याने मासिकात वाचलं आणि चिडला.

"जुन्यातली सोय घ्यावी," तो म्हणाला, "घुमट कशाला?"

मग त्याने सपाट स्लॅबची, साध्या भिंतींची घरं काढली आणि आत ती कपाटं बसवली. साहेबांनी दोन नमुना घरं बांधायला परवानगी दिली. कामगारांना पटली तर पुढची साठ तशीच, नाहीतर नेहमीचे डबे, म्हणजे एकामागे एक दोन चौकोनी खोल्या. देवधर महिनाभर हवेत होता.

वर्षाने आम्ही दोघं भरदुपारी पाहणीला गेलो. साताऱ्याकडच्या यशोदाबाईंनी दार उघडलं. जमीनभर अंथरुणं, त्यावर त्यांचे मालक घोरत पडलेले. कपाटात ज्वारीचं पोतं आणि सायकलचा टायर. अंथरूण का उचलत नाही, असं देवधरने विचारलं.

"कवा उचलू, साहेब?" बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मालक रातपाळी करून झोपल्यात. ते उठत्यात तवर दीर पयल्या पाळीचा येऊन पडतो. आमच्यात अंथरूण थंडच हुत न्हाई."

तिन्ही पाळ्यांच्या भोंग्यावर आमचंही पोट चालत होतं आणि हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. मला अजून स्वतःची लाज वाटते.  देवधर चपला हातात घेऊन बाहेर आला.

साठ डबे मंजूर झाले आणि ते त्यालाच काढावे लागले. पुढची बारा वर्षं त्याने डबेच काढले. पुस्तक कुठे गेलं, मी विचारलं नाही.

१९८१ साली, त्याच्या निवृत्तीच्या महिन्यात, नमुना घरांतली कपाटं फोडून भिंती सरळ करायचा हुकूम निघाला. त्याचा नकाशा मी काढतो, असं मी म्हटलं. त्याने ऐकलं नाही. दोन दिवस बसून, एकेक रेघ नीट मारून त्यानेच नकाशा केला. आमच्या नकाशांवर नाव नेहमी इंजिनियरचं. पण तोडफोडीच्या कागदावर सही करायला कुणी साहेब फिरकला नाही, तेव्हा कोपऱ्यात देवधरनेच आपलं नाव घातलं. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या नावाचा तेवढा एकच नकाशा.